जोखीम मूल्यांकन कसे करावे: नियोक्त्याची कायदेशीर कर्तव्ये आणि कामाच्या दहा पायऱ्या, योग्य क्रमाने

जोखीम मूल्यांकनाच्या ज्या फायली तपासणीत टिकत नाहीत, त्यांतले रकाने रिकामे असतात असे नाही. रकाने भरलेले असतात, सह्या झालेल्या असतात, शिक्केही उमटलेले असतात; चुकलेला असतो तो क्रम. ‘हेल्मेट, हातमोजे, सुरक्षा बूट’ असा उपायांचा रकाना आधी भरला जातो, मग त्या उपायांना शोभेल असा जोखमीचा आकडा टाकला जातो, आणि धोक्यांचा रकाना सर्वांत शेवटी, कचेरीत बसून, आठवणीवर विसंबून पुरा केला जातो. अशा कागदाने कामगाराचे रक्षण होत नाही आणि अपघातानंतर नियोक्त्याचेही होत नाही. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात. एखादी पायरी छोट्या आस्थापनेत तासाभरात उरकेल, पण मागची पायरी पुढे नेता येणार नाही.

धोका आणि जोखीम यांची गल्लत मात्र सुरुवातीलाच टाळावी. इजा किंवा आजार घडवू शकणारी गोष्ट म्हणजे धोका: फिरता पट्टा, उघडा खड्डा, विद्रावकाची वाफ, सततची रात्रपाळी. त्या धोक्यापासून प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर ती किती गंभीर, याचा एकत्रित अंदाज म्हणजे जोखीम. धोका पाहून सापडतो, जोखीम विचार करून ठरवावी लागते.

## १. कर्तव्य कोणाचे आणि किती, हे आधी निश्चित करा

कायद्यांचे तपशील देशागणिक बदलतात, गाभा फारसा बदलत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारानुसार कामाच्या जागा, यंत्रे, उपकरणे आणि प्रक्रिया वाजवीपणे व्यवहार्य असेल तेथवर सुरक्षित व आरोग्याला अपाय न करणाऱ्या ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडता कामा नये, आणि जिवाला तत्काळ व गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला त्याबद्दल अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत, हेही त्याच करारात आहे. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कामाच्या वातावरणाला मूलभूत हक्कांच्या यादीत स्थान दिले. युरोपीय संघाच्या १९८९ च्या सुरक्षा निर्देशात आणखी दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या आहेत: बाहेरचा तज्ज्ञ नेमल्याने नियोक्त्याची जबाबदारी संपत नाही, आणि कामगाराची स्वतःची कर्तव्ये असली तरी नियोक्त्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही.

सर्वाधिक गैरसमज आहे तो ‘वाजवीपणे व्यवहार्य’ या कसोटीबद्दल. ब्रिटनच्या कामाच्या जागेतील आरोग्य व सुरक्षेच्या १९७४ च्या कायद्यात ही कसोटी आहे, आणि भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या कलम ७-अ मध्येही ती होती. ‘आम्हाला परवडत नव्हते’ असा तिचा अर्थ अनेकजण काढतात, आणि तो चुकीचा आहे. १९४९ साली एका कोळसा खाणीच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती नीट मांडली: एका पारड्यात जोखीम ठेवावी, दुसऱ्यात ती टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि त्रास, दुसरे पारडे पहिल्याच्या तुलनेत अतिशय विषम प्रमाणात जड ठरले, तरच उपाय न करण्याला आधार मिळतो. नफा-तोटा कसा आहे, हा प्रश्न तिथे येतच नाही.

या पायरीवर एका पानाचा तक्ता तयार करावा: आपल्याला लागू असलेला कायदा व नियम, त्यातील कर्तव्य, ते पार पाडणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि त्याचा पुरावा कुठे ठेवला आहे. कामाच्या जागेतील सुरक्षा व आरोग्याच्या व्यवस्थापनासाठीच्या आयएसओ ४५००१ या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र असेल तर ते चांगलेच, परंतु मानक स्वीकारणे ऐच्छिक असते आणि कायदा पाळणे ऐच्छिक नसते, म्हणून या दोन गोष्टी या तक्त्यात मिसळू नयेत.

सावधान: जुन्या फायलीतले कलम क्रमांक जसेच्या तसे उतरवू नका. भारतातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. तरी जुनी कलमे सांगणारे मूल्यांकनाचे नमुने हातोहात फिरतच असतात.

## २. माणसे आणि कागद जमवा

मूल्यांकन एकट्याने करू नये. कमीत कमी तीन प्रकारची माणसे हवीत: ते काम रोज करणारा, ते यंत्र दुरुस्त करणारा आणि खर्चाचा निर्णय घेऊ शकणारा. चौथा सुरक्षा अधिकारी किंवा सल्लागार असेल तर त्याने प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. कामगारांचा सल्ला घेणे हे सौजन्य नसून अनेक कायद्यांतले बंधन आहे. खर्चाचा निर्णय घेणारा माणूस चमूत नसेल तर सगळे उपाय आपोआप फलक, सूचना आणि हातमोजे यांच्यापाशी येऊन थांबतात, आणि बहुतेक मूल्यांकने दुबळी का निघतात याचे माझ्या मते हेच मोठे कारण आहे.

कागदांत पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात: अपघात आणि थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंदवही, प्रथमोपचार पेटीच्या वापराची नोंद, दुरुस्ती विभागाची वही, यंत्रांच्या पुस्तिका, रसायनांची सुरक्षा माहितीपत्रके, आवाज-धूळ-वाफ यांच्या मोजमापांचे अहवाल, आणि वैद्यकीय तपासणीचे व्यक्तींची ओळख न देणारे एकत्रित निष्कर्ष. प्रथमोपचार पेटीची नोंद हमखास विसरली जाते. बोटांच्या पट्ट्या एकाच विभागात भराभर संपत असतील, तर अपघात नोंदवहीत त्या विभागाचे पान कोरे असूनही तिथे काहीतरी बिघडलेले आहे.

सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग जागतिक पद्धतीनुसार ठरलेले आहेत. मूल्यांकनासाठी दुसरा विभाग धोक्यांची ओळख देतो, चौथा प्रथमोपचार, सातवा हाताळणी व साठवण, आणि आठवा संपर्काच्या मर्यादा व नियंत्रणाचे उपाय.

तपासा: माहितीपत्रक तुमच्या पिंपावरच्या लेबलाशी जुळते का? पुरवठादार बदलला की पत्रक बदलते, फाइल मात्र तीच राहते.

## ३. विभागांची नव्हे, कामांची यादी करा

‘पॅकिंग विभाग’, ‘गोदाम’, ‘कार्यालय’ अशी यादी केली की मूल्यांकन तिथेच पसरट होते. यादी कामांची हवी आणि ती क्रियापदाने संपायला हवी: ट्रकमधून पिंपे उतरवणे, मिक्सर धुणे, पट्ट्यात अडकलेला माल काढणे, छपरावरची पन्हळ साफ करणे. नेहमीचे उत्पादन सुरू असताना गार्ड (फिरत्या भागांवरची संरक्षक झाकणे) बसवलेले असतात, माणसे आपापल्या जागी असतात. गंभीर अपघातांना जागा मिळते ती बहुधा त्याबाहेरच्या वेळी. म्हणून प्रत्येक यंत्रापुढे या अवस्था स्वतंत्रपणे लिहाव्यात: सुरू करणे, बंद करणे, साचा किंवा पाते बदलणे, अडथळा काढणे, सफाई, दुरुस्ती, वीज गेल्यावरची स्थिती आणि आणीबाणी.

कंत्राटदाराची कामेही याच यादीत यावीत. एकाच जागेत दोन किंवा अधिक आस्थापनांची माणसे काम करीत असतील तर त्यांनी सुरक्षेबाबत एकमेकांशी सहकार्य करावे, असे वर उल्लेखिलेल्या १५५ क्रमांकाच्या करारातही आहे. ‘ती माणसे आमची नाहीत’ हे उत्तर चौकशीत टिकत नाही.

## ४. जागेवर जाऊन धोके शोधा

ही पायरी खुर्चीत बसून होत नाही. प्रत्येक काम ते जिथे होते तिथे, होत असताना आणि ज्या पाळीत होते त्या पाळीत पाहावे. रात्रीच्या सफाईचे मूल्यांकन सकाळी अकरा वाजता करणे व्यर्थ आहे, कारण प्रकाश, माणसांची संख्या, थकवा आणि देखरेख या चारही गोष्टी तेव्हा वेगळ्या असतात.

कन्व्हेयरच्या, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या, शेवटच्या रोलरजवळ अडकलेला माल काढण्याचे काम उदाहरणादाखल घेऊ. कार्यपद्धतीच्या कागदावर ‘यंत्र बंद करून माल काढावा’ असे एक वाक्य असते. जागेवर उभे राहून पाहिले तर खांबाच्या आडोशाला एक वाकवलेली सळई टेकवून ठेवलेली दिसते. तिचे टोक वापराने चकचकीत झालेले असते, दुसऱ्या टोकाला पकडीसाठी चिंधी गुंडाळलेली असते. आता कोणी काही सांगण्याची गरज उरत नाही: पट्टा चालू ठेवूनच माल ओढला जातो आणि हे रोज घडते. मग पुढचा प्रश्न विचारावा, पट्टा बंद का केला जात नाही? थांबवण्याचे बटण रोलरपासून दूर, पलीकडच्या बाजूला असते. पट्टा थांबला की पुढची सगळी ओळ थांबते. आणि ओळ थांबल्याची मिनिटे पर्यवेक्षकाच्या अहवालात जातात. यातली एकही गोष्ट कार्यपद्धतीच्या कागदात नसते, पण खरा धोका त्यांतूनच घडतो.

धोका लिहिताना त्याची यंत्रणाही लिहावी. पट्टा जिथे रोलरवर चढतो तिथे आत ओढणारी चिमट तयार होते. पट्टा सेकंदाला एक मीटर वेगाने चालत असेल तर १५ सेंटिमीटरचे अंतर तो ०.१५ सेकंदात कापतो, आणि हातातली पकड सोडायला माणसाला सहसा यापेक्षा जास्त वेळ लागतो. सळई अडकली की तिच्यामागे हात जातो. ‘यंत्रात हात अडकणे’ एवढेच लिहिले असते तर यातले काहीच कळले नसते.

न दिसणारे धोके वेगळे शोधावे लागतात. आवाज, कंपने, धूळ, वाफा, उष्णता, एकाच हालचालीची पुनरावृत्ती, कामाचा ताण, छळ आणि धमक्या यांची इजा त्या दिवशी दिसत नाही. आवाजाबाबत अमेरिकेच्या निओश या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संशोधन संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलची आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर अंदाज न बांधता मोजमाप करून घ्यावे. वजन उचलण्याच्या निओश सूत्रात २३ किलोग्रॅम ही मर्यादा आदर्श स्थितीसाठी आहे. वाकणे, वळणे, दूरवर हात नेणे आणि वारंवारता यांनी ती झपाट्याने खाली येते, त्यामुळे ‘२३ किलोपर्यंत चालते’ हा सरसकट नियम करू नये.

सावधान: टाकी, खड्डा, गटार, सायलो यांसारख्या बंदिस्त जागांचे मूल्यांकन करण्यासाठी स्वतः आत डोकावू नका. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो. अमेरिकी नियमांनुसार १९.५ टक्क्यांखालील आणि २३.५ टक्क्यांवरील हवा धोकादायक धरली जाते. विषारी व ज्वलनशील वायू याखेरीज तपासावे लागतात. यातले काहीही नाकाला खात्रीने कळत नाही, आणि अशा जागांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही अनेकदा जीव गमावतो.

## ५. इजा कोणाला आणि कशी होईल, ते लिहा

‘सर्व कामगार’ हे उत्तर नव्हे. नवा माणूस, काम शिकणारा तरुण, गरोदर किंवा स्तनपान देणारी स्त्री, अपंग व्यक्ती, एकट्याने काम करणारा पहारेकरी, सूचनांची भाषा न वाचू शकणारा, काही तासांसाठी आलेला दुरुस्ती कारागीर, माल आणणारा चालक, पाहुणा, आणि कुंपणापलीकडचा शेजारी: प्रत्येक कामापुढे यांपैकी कोण येतो, ते नोंदवावे. गाडीच्या मागच्या बाजूला उभा राहून मागे घेण्याचे इशारे करणारा मदतनीस कोणत्याच विभागाच्या यादीत नसतो, म्हणून तो मूल्यांकनातही सापडत नाही.

तपासा: कार्यालय बंद झाल्यावर इमारतीत कोण असते? त्यांची नावे नव्हे, कामे यादीत आली आहेत का?

## ६. जोखीम ठरवा, पण आकड्याच्या मागे लागू नका

पाच बाय पाचचा तक्ता सोयीचा आहे: शक्यतेला १ ते ५, तीव्रतेला १ ते ५, दोहोंचा गुणाकार. तथापि तो निर्णयाला मदत करतो, निर्णय घेत नाही. शक्यता १ आणि तीव्रता ५ असेल तर गुणाकार ५ येतो. शक्यता ५ आणि तीव्रता १ असली तरी तोच येतो. पहिल्यात मृत्यू आहे, दुसऱ्यात ओरखडा. म्हणून तीव्रता ५ असलेली प्रत्येक ओळ, तिचा गुणाकार कितीही असो, वेगळी काढून वरिष्ठ व्यवस्थापनासमोर ठेवावी.

या पायरीवर तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ म्हणून शक्यता १ टाकणे. अपघात न होणे हा कित्येकदा सळई लांब असल्याचा परिणाम असतो, पद्धत सुरक्षित असल्याचा नव्हे. दुसरी, सध्या कागदावर असलेले उपाय प्रत्यक्षात पाळले जातात असे गृहीत धरणे. तिसरी सर्वांत सामान्य आहे: उपायानंतरचा आकडा काढताना तीव्रता खाली आणणे. प्रशिक्षणाने, फलकाने किंवा परवाना पद्धतीने (काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घेण्याने) उंचावरून पडणाऱ्याची इजा सौम्य होत नाही. कमी होते ती शक्यता. तीव्रता खाली येण्यासाठी ऊर्जाच कमी व्हावी लागते: उंची कमी, विद्युतदाब कमी, वेग कमी, रसायन सौम्य, किंवा सुरक्षा जाळीसारखी एखादी गोष्ट ती ऊर्जा माणसाच्या आधी झेलणारी असावी लागते. तीव्रतेचा आकडा जिथे उतरला असेल तिथे ‘नेमके काय कमी झाले?’ असे विचारावे. उत्तर नसेल तर जुना आकडा परत लिहावा.

## ७. उपाय वरून खाली ठरवा

आयएसओ ४५००१ मध्येही दिलेला उपायांचा क्रम असा आहे: धोका पूर्णपणे काढून टाकणे, कमी धोकादायक पर्याय वापरणे, अभियांत्रिकी उपाय व कामाची फेररचना, प्रशासकीय उपाय व प्रशिक्षण, आणि शेवटी वैयक्तिक संरक्षक साधने (पीपीई). वरची पायरी का शक्य नाही याचे लेखी कारण दिल्याशिवाय खालच्या पायरीवर उतरू नये. हा एकच नियम पाळला तरी मूल्यांकनाचा दर्जा बदलतो, कारण कारण लिहायला बसले की बऱ्याचदा ते सापडत नाही.

कन्व्हेयरचे उदाहरण या शिडीवरून खाली आणू. माल का अडकतो? दोन पट्ट्यांच्या जोडावर उंचीत फरक असल्याने पिशवी तिरकी होते आणि फटीत शिरते. जोड सारखा केला आणि फट झाकली तर अडकणेच थांबेल; हे निर्मूलन. त्यासाठी यंत्रे बंद असलेला दिवस लागणार असेल तर तोवर रोलरला स्थिर गार्ड लावावा, जो अवजाराशिवाय निघणार नाही, आणि थांबवण्याची दोरी पट्ट्याच्या पूर्ण लांबीवर, हात पोहोचेल अशी ओढावी, हे अभियांत्रिकी. अडथळा काढण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावण्याची पद्धत, ओळ थांबल्याच्या मिनिटांबद्दल पर्यवेक्षकाला जाब न विचारण्याचा लेखी निर्णय, आणि प्रशिक्षण, हे प्रशासकीय. हातमोजे? फिरत्या भागाजवळ हातमोजा उलट हात आत ओढतो. इथे वैयक्तिक साधन उपाय नाहीच, नवा धोका आहे.

कुलूप लावण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘बंद करणे’ आणि ‘ऊर्जा तोडणे’ या एकच गोष्टी समजल्या जातात. आणीबाणीचे लाल बटण यंत्र थांबवते, त्याची वीज तोडेलच असे नाही, आणि दुसऱ्याने ते फिरवले की यंत्र पुन्हा सुरू होण्यास मोकळे होते. दुरुस्तीसाठीचा क्रम असा आहे:

१. यंत्राशी संबंधित सर्वांना कळवा आणि यंत्र नेहमीच्या पद्धतीने थांबवा.
२. ऊर्जेचे सर्व स्रोत तोडा: वीज, दाबाची हवा, वाफ, द्रवदाब, रसायनाची नळी.
३. काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले कुलूप लावावे, किल्ली आपल्याजवळच ठेवावी आणि नावाचा टॅग बांधावा.
४. साठलेली ऊर्जा सोडा: दाब उतरवा, वर उचललेला भाग खाली आणा किंवा टेकू द्या, स्प्रिंग मोकळी करा, कपॅसिटर निर्भारित करा.
५. सुरू करण्याचे बटण दाबून पाहा आणि विजेच्या कामात मापकाने शून्य असल्याची खात्री करा. मगच हात घाला.

पाचवा टप्पा वगळला जातो आणि चुकीचा फ्यूज काढल्याचे तेव्हाच कळायचे राहून जाते. पाळी बदलताना कुलपांचीही समोरासमोर अदलाबदल व्हावी; गेलेल्या माणसाचे कुलूप तोडण्याची पद्धत लेखी असावी आणि तो माणूस आवारात नाही याची खात्री हा तिचा पहिला टप्पा असावा.

वैयक्तिक साधने जिथे खरोखरच अपरिहार्य आहेत तिथे ती नियोक्त्याच्या खर्चाने, मापाची आणि त्या धोक्यासाठीच बनवलेली द्यावीत. धुळीचा मास्क विद्रावकाची वाफ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, म्हणून प्रत्येकाची बसवणी चाचणी घ्यावी लागते. कानातली बोंडे बरोबर बसली नाहीत तर वेष्टनावर छापलेले संरक्षण मिळत नाही.

तपासा: ठरवलेल्या प्रत्येक उपायाने नवा धोका तर निर्माण होत नाही ना? गार्डमुळे उष्णता कोंडते का, झाकणामुळे बाहेर पडण्याची वाट अडते का, इंटरलॉकमुळे (गार्ड उघडताच यंत्र थांबवणाऱ्या यंत्रणेमुळे) कामगाराला वाकून काम करावे लागते का?

## ८. नोंद अशी करा की तिऱ्हाइताला समजेल

अनेक देशांत लेखी नोंद सक्तीची आहे. ब्रिटनमध्ये पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर महत्त्वाचे निष्कर्ष नोंदवावेच लागतात. माणसे कमी असली तरी लिहून ठेवणे शहाणपणाचे, कारण चौकशीत ‘आम्ही विचार केला होता’ हे सिद्ध करण्याचे दुसरे साधन नसते.

वाईट ओळ अशी असते: ‘धोका: कन्व्हेयर. उपाय: काळजी घेणे, पीपीई वापरणे. जबाबदारी: सर्व संबंधित.’ चांगली ओळ अशी: ‘अडकलेली पिशवी चालू पट्ट्यावरून सळईने ओढताना हात शेवटच्या रोलरच्या चिमटीत जाऊ शकतो, हात तुटणे किंवा मृत्यू, पॅकिंगचे मदतनीस व कंत्राटी सफाई कामगार. सध्याचा उपाय: लेखी सूचना, पाळली जात नाही. तात्पुरता उपाय: सळया जप्त, रोलरला गार्ड, कुलूप पद्धत आजपासून. कायमचा उपाय: जोडाची उंची सारखी करणे, यंत्रे बंद असलेल्या पुढील दिवशी. जबाबदारी: देखभाल अभियंता. पडताळणी: पाळीप्रमुख, पहिल्या आठवड्यात रोज.’ ‘पाळली जात नाही’ असे लिहायला व्यवस्थापन कचरते. पण नंतर काय दुरुस्त केले हे त्याच ओळीत लिहिलेले असेल, तर ते शब्द नियोक्त्याच्या बाजूनेच बोलतात.

सावधान: दुसऱ्या आस्थापनेचा तयार नमुना भरताना ‘लागू नाही’ अशा ओळी तशाच ठेवू नका. बॉयलर नसलेल्या जागेच्या मूल्यांकनात बॉयलर सापडला की तपासणारा उरलेल्या पानांवरही विश्वास ठेवत नाही.

## ९. अमलात आणा आणि माणसांना सांगा

कामांचा क्रम जोखमीवरून लावावा, सोयीवरून नव्हे. फलक लावणे सोपे म्हणून पहिल्या दिवशी होते आणि गार्ड महिनोन्‌महिने ‘खरेदी प्रक्रियेत’ राहतो. गंभीर आणि तत्काळ धोका असेल तर कायमचा उपाय होईपर्यंत तात्पुरता उपाय करावा, आणि तोही शक्य नसेल तर ते काम थांबवावे. काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कामगारांना आधीच ठाऊक असायला हवे.

प्रशिक्षण कामगाराला समजणाऱ्या भाषेत आणि शक्यतो कामाच्या जागी द्यावे. हजेरीपटावरची सही ही उपस्थितीची नोंद आहे, समजल्याची नव्हे. कुलूप लावण्याची पद्धत शिकवली असेल तर ती करवून घ्यावी. पाळी सुरू होताना पाच-दहा मिनिटे त्या दिवसाच्या कामाबद्दल बोलणे, वर्षातून एकदा सभागृहात तासभर ऐकवण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. आणीबाणीची तयारी, प्रथमोपचारक, बाहेर पडण्याच्या वाटा आणि सराव यांचाही मूल्यांकनाशी मेळ असावा: आम्ल वापरले जाते आणि डोळे धुण्याचा नळ कुलूपबंद खोलीत आहे, अशी स्थिती नसावी.

## १०. पडताळा, फेरआढावा घ्या, जुनी पाने जपा

उपाय झाल्यानंतर पुन्हा जागेवर जावे आणि सळई पुन्हा खांबाआड आली आहे का ते पाहावे. आली असेल तर कामगाराला नोटीस देण्यापूर्वी उपाय कुठे कमी पडला ते शोधावे.

फेरआढाव्यासाठी ठरावीक मुदत असावी, परंतु मुदतीची वाट पाहू नये. अपघात किंवा थोडक्यात टळलेली घटना, नवे यंत्र, नवे रसायन, मांडणीतला बदल, पाळीच्या वेळा किंवा माणसांच्या संख्येतला बदल, नवा कंत्राटदार, वैद्यकीय तपासणीत सापडलेला समान त्रास, कामगारांची तक्रार आणि कायद्यातला बदल: यांपैकी काहीही घडले की संबंधित ओळ त्याच वेळी उघडावी. यंत्र बदलण्याआधी आढावा घ्यावा, बसवल्यावर नव्हे. गार्डसाठी जागा ठेवलेली नाही हे पाया घातल्यानंतर कळून उपयोग नसतो.

गंभीर अपघात झाल्यास जखमीला मदत आणि जागा सुरक्षित करणे हे पहिले काम. त्यानंतर आपल्या कायद्याने ठरवलेल्या मुदतीत अधिकाऱ्यांना कळवावे आणि परवानगी मिळेपर्यंत तिथल्या वस्तू हलवू नयेत. त्या दिवशी मूल्यांकनाची जुनी प्रत ‘सुधारण्याचा’ मोह अनेकांना होतो. तसे कदापि करू नये: संगणकावरील तारखा आणि छापील प्रती जुळत नाहीत, आणि मूळ त्रुटीपेक्षा हा फेरफार अधिक महागात पडतो.

मागील वर्षाच्या प्रतीवर नवी तारीख टाकून दिलेला फेरआढावा ओळखणे अवघड नसते, कारण निवृत्त झालेल्या माणसाचे नाव जबाबदारीच्या रकान्यात तसेच असते. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर काय बदलले आणि का, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. जुन्या आवृत्त्या टाकून देऊ नयेत. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार), अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे कर्करोग, आवाजाने आलेला बहिरेपणा हे आजार संपर्कानंतर कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी समोर येतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये घातक पदार्थांशी संबंधित वैद्यकीय देखरेखीखालील कामगारांच्या आरोग्य-नोंदी किमान ४० वर्षे ठेवाव्या लागतात. त्या नोंदींसोबत त्या काळातले मूल्यांकन आणि मोजमापांचे अहवालही ठेवावेत, म्हणजे कोणत्या वर्षी कोण कशाच्या संपर्कात होते, हे सांगता येईल.